अकरा रकाने आणि चार मिनिटं

स्पष्टतेच्या विरोधात आजवर कोणीही भाषण केलेलं नाही. युद्धाच्या बाजूने बोलणारे सापडतात. बर्गरमध्ये बीट घालण्याच्या बाजूने बोलणारे तर होबार्टमध्ये गल्लोगल्ली सापडतात. पण ‘मला अस्पष्टता हवी’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आता ज्या गोष्टीवर सगळ्यांचं इतकं एकमत आहे, ती अमलात आणायची म्हणजे मोठ्या जोखमीचं काम. ते एकट्यादुकट्याच्या हाती सोपवून भागत नाही. त्याला समितीच लागते.

होबार्टच्या बंदरावर, पूर्वी सफरचंदाच्या पेट्या रचून ठेवत त्या गोदामाच्या माडीवर, ‘पॅडीमेलन स्पष्टता मंडळ’ ही जोखीम तीस वर्षांहून अधिक काळ वाहत आहे. पॅडीमेलन हा खरं तर टास्मानियातला एक गुबगुबीत, लाजाळू, उड्या मारणारा प्राणी. त्याचं नाव इथल्या कर्नेलला दिलेलं आहे. कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटात बसलेला कारभारी. हा कारभारी फार मोठा, पण त्याला पंपाची भाषा येत नाही, फाटकाची येत नाही, दुधाच्या टाकीची तर मुळीच येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक दुभाषा नेमतात, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्याने कारभाऱ्यासमोर कसं उभं राहायचं, काय विचारायचं, काय सांगायचं, याची जी रीत ठरलेली असते, ती म्हणजे इंटरफेस. ही रीत स्पष्ट ठेवणं, एवढंच मंडळाचं काम. मंडळाच्या अहवालानुसार टास्मानियातल्या दर शंभर यंत्रांपैकी एकसष्ट यंत्रांत पॅडीमेलन आहे. (उरलेली एकोणचाळीस लगेच सुरू होतात.)

नेरिडा पायबस या मंडळात एकोणीस वर्षं काम करत होती. तिचा हुद्दा स्पष्टता अधिकारी, दुसरी. (पहिल्या स्पष्टता अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे, कारण त्या जागेसाठी काय पात्रता हवी याबद्दल स्पष्टता नाही.) ती शांत स्वभावाची, लोकरीच्या टोप्या विणणारी, आणि कोणी मूर्खासारखं बोललं की आणखी दोन टाके घालून मग उत्तर देणारी बाई होती. मंडळात आल्यापासून तिच्या बावन्न टोप्या विणून झाल्या होत्या.

यंत्र सुरू करायचं झालं, की ड्रायव्हरने कर्नेलकडे अकरा रकान्यांचा अर्ज भरून द्यायचा. हा अर्ज म्हणजे मंडळाच्या कार्याचा कळस. तो असा :

१. यंत्राचं नाव.
२. यंत्राचं खरं नाव. (पहिल्या रकान्यात ते लिहिलेलं नसल्यास.)
३. शून्य.
४. एक. (शून्य लिहिल्यासही हरकत नाही, यंत्र चालणार नाही इतकंच.)
५. थांबायचा वेळ : चार. (दुसरा आकडा लिहायचा असल्यास तोही चारच असावा.)
६. राखीव.
७. एक. (का, हे विचारू नये. आधीच्यांनी विचारलेलं नाही.)
८. सहावा रकाना कशासाठी राखीव आहे, हे पुढेमागे कळल्यास ते लिहिण्यासाठी राखीव.
९. आवाज हवा की नको. शून्य म्हणजे हवा, एक म्हणजे नको. काही यंत्रांत याच्या उलट. (यादी इथवर वाचणाऱ्याने पुढे जाण्यापूर्वी चार मिनिटं थांबावं.)
१०. नवव्या रकान्यात उलट असल्यास, कशाच्या उलट.
११. वरचे दहा रकाने नीट वाचल्याची कबुली : एक. (शून्य लिहिणारा प्रामाणिक माणूस अद्याप भेटलेला नाही.)

या अर्जाची खरी थोरवी अशी, की तो आजवर कोणी भरलेलाच नाही. सगळ्यांनी उतरवून काढला आहे. मंडळाच्या ‘नमुना’ नावाच्या कप्प्यात एकच ड्रायव्हर होता. क्लेम ऑटवे नावाच्या गृहस्थांनी १९९१ साली, चहाच्या खोलीतल्या विजेच्या किटलीसाठी तो लिहिला. पॅडीमेलनने चालवलेलं पहिलं यंत्र ते. पुढे ज्या कोणाला ड्रायव्हर लिहायची वेळ आली, त्याने किटलीचा ड्रायव्हर उचलला, ‘किटली’ खोडून आपल्या यंत्राचं नाव घातलं आणि वेळेवर घरी गेला. (दोनशे अठ्ठ्याहत्तरपैकी चौदा ड्रायव्हरांत ‘किटली’ खोडायचंही राहून गेलं आहे. त्यातलं एक दीपगृह आहे.)

उतरवल्यामुळे अर्जातले चारही सगळीकडे गेले. पॅडीमेलन असलेलं कुठलंही यंत्र, मग ते लोकर दाबायचं असो की चेरी निवडायचं, बटण दाबल्यावर चार मिनिटं स्वस्थ बसतं आणि मग कामाला लागतं. याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. मंडळाचे अध्यक्ष वॉरिक ट्रेलोर, जे ऐन जुलैच्या हिवाळ्यातही अर्धी चड्डी घालतात आणि थंडी वाजत नाही असं न विचारता सांगतात, ते नव्या मंडळींना समजावत : ‘‘वीज आत शिरली, की तिला जरा स्थिरस्थावर व्हायला वेळ द्यावा लागतो.’’ या विषयावर एका गृहस्थांनी डॉक्टरेटही मिळवली आहे.

तर ऑगस्टच्या अखेरीस एके दिवशी नेरिडाचा मामा, गस कॅल्व्हर्ट, चिखलाने भरलेले गमबूट तसेच घालून माडी चढून आला. सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर त्याचा कालवांचा मळा होता. काखेत बर्फाची पेटी. ती त्याने नेरिडाच्या टेबलावर, विणलेल्या टोपीवरच ठेवली आणि झाकण उघडलं.

‘‘बघ.’’

नेरिडाने आत डोकावून पाहिलं. ‘‘वाळू आणलीस, गसमामा?’’

‘‘नऊ लाख आहेत.’’

‘‘नऊ लाख काय?’’

‘‘पिल्लं. कालवांचं बी. मंगळवारी सकाळी मी टोस्ट खात होतो तेव्हा जिवंत होती.’’

नेरिडाने विणकाम बाजूला ठेवलं. एकोणीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं.

‘‘पश्चिमेचा वारा सुटला, वीज गेली,’’ गस म्हणाला. ‘‘जाते ती. त्यासाठी जनरेटर आहे, तो दहा सेकंदांत धडधडायला लागतो. हवेच्या पंपावर हिरवा दिवा लागला. आणि पंप गप्प. काचेवर लिहिलंय, ‘सुरू होत आहे’. मी त्याच्यासमोर उभं राहून मोजले गं पोरी, दोनशे चाळीस सेकंद. हवा बंद झाली की ही पिल्लं तीन मिनिटांत माना टाकतात.’’ (कालवांना मान नसते. पण हे त्याला सांगण्याची ती वेळ नव्हती.)

‘‘पंपवाल्यांना विचारलंस?’’

‘‘विचारलं. ते म्हणतात, आम्ही काय करणार, आत पॅडीमेलन आहे. म्हटलं, पॅडीमेलन तर माझी भाचीच आहे.’’ गसने पेटीचं झाकण हळूच लावलं, आत कोणी झोपलं असावं तसं. ‘‘पुढचं बी एक नोव्हेंबरला येतंय. उधारउसनवारीचं बोलत नाही मी, फक्त एवढं सांगतो, की तेही असंच गेलं तर मळा मिटवायचा आणि ब्रिस्बेनला तुझ्या मावशीकडे राहायला जायचं. तुला तुझी मावशी माहितेय.’’

नेरिडाला मावशी माहीत होती. मावशी गमबूट घातलेल्या माणसाला फाटकाच्या आतही घेत नसे.

‘‘नोव्हेंबरच्या आत पंप नीट होईल,’’ ती म्हणाली. आणि मग, आपण कुठे नोकरी करतो हे आठवून, ‘‘म्हणजे, मी बघते.’’

पहिला उपाय अगदी साधा होता. पंपाच्या ड्रायव्हरमधलं ‘चार’ खोडून तिने ‘शून्य’ लिहिलं आणि शिक्क्यासाठी पाठवलं. मंडळाचा शिक्का असल्याशिवाय कर्नेल कोणत्याही ड्रायव्हरला दारात उभं करत नाही, आणि शिक्का मारणारा प्रोग्राम नव्या ड्रायव्हरचे रकाने ‘नमुना’ कप्प्यातल्या ड्रायव्हरशी ताडून बघतो. शून्य बघून त्याने ड्रायव्हर परत पाठवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं : ‘किटलीसारखा नाही.’

ती वॉरिककडे गेली.

‘‘नियम बरोबर आहे,’’ वॉरिक म्हणाला. ‘‘चार लागत नाहीत असं कुठे लिहिलंय का?’’

‘‘चार लागतात असं तरी कुठे लिहिलंय?’’

‘‘दोनशे अठ्ठ्याहत्तर ठिकाणी लिहिलंय, नेरिडा.’’

तेव्हा तिने ठरवलं, की ही रीतच नव्याने आखायची. पुढच्या बैठकीत तिने एक कागद मांडला. त्यावर तीन ओळी होत्या : जागं कर. काम सांग. झोपव.

अकराही सभासदांनी कागद वाचला. प्रू हेझलवुडने तो उलटून पाहिला. मागे कोरा होता. प्रू ही मंडळात भविष्यकाळाची प्रतिनिधी. जी यंत्रं अजून कोणाच्या डोक्यातही आलेली नाहीत, त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून ती भांडते.

‘‘झालं?’’ प्रूने विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘मला वाचायला नऊ सेकंद लागले,’’ वॉरिक म्हणाला. त्याने कागद टेबलावर जरा लांब सरकवला. ‘‘फारच स्पष्ट आहे. इतकं स्पष्ट, की यावर कोणालाही मत देता येईल.’’

आणि तसंच झालं. ‘जागं कर’ या नावावर मंडळाच्या ई-मेल यादीवर पाच आठवड्यांत दोनशे बारा ई-मेल आले. पैकी एकाहत्तर ‘उठव’ या बाजूचे होते. अठ्ठेचाळीस जणांनी विचारलं, की जे यंत्र मुळात झोपलेलंच नाही, त्याला जागं करणं अपमानास्पद नाही का. सदतीस ई-मेल उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहावं की खाली, यावर होते. (यादीवरची मारामारी म्हणतात ती हीच.) उरलेले छप्पन्न ‘माझं नाव या यादीतून काढा’ असे होते, त्यातले तीन वॉरिकचेच.

बैठकीत खरा खोडा घातला तो थिओ मावरोसने. थिओकडे ‘जुनं मोडायचं नाही’ हे खातं आहे. मंडळाचं हे एकमेव तत्त्व, आणि ते दारावर पितळी पाटीवर कोरलेलं आहे. (पाटी वाकडी बसवली गेली आहे. ती सरळ करण्याचा ठराव याच तत्त्वावर फेटाळला गेला.)

‘‘टकर्स पॉइंटच्या फेरीबोटीचंच उदाहरण घे,’’ थिओ म्हणाला. ‘‘धक्क्याला लागली, की पुढचं फाटक उघडायला चार मिनिटं घेते.’’

‘‘हो. कारण फाटक स्वतःला किटली समजतं.’’

‘‘ते काहीही समजो. धक्क्यावर ऑड्री बर्जेसचं ‘पाय’चं, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीचं, दुकान आहे. आत स्कॅलप, म्हणजे शिंपल्यांचं मांस, वर करीची चव. लोक गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून विकत घेतात, त्या चार मिनिटांत. दिवसाला दोनशे पाय. तू फाटक लगेच उघडलंस, तर लोक भुर्रकन निघून जातील. ऑड्रीने काय करायचं? तिला तू सांगणार आहेस?’’

‘‘अरे पण थिओ, ती चूक आहे ना!’’

‘‘पहिली पाच वर्षं ती चूक होती,’’ थिओ समजुतीच्या सुरात म्हणाला. ‘‘मग सवय झाली. आता तिच्यावर लोकांची पोटं आहेत. आता तिला चूक म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही, नेरिडा.’’

‘‘आणि गसमामाचं पोट?’’

‘‘गसने चार मिनिटं श्वास धरणारी कालवं का नाही पाळली?’’ प्रूने विचारलं. हे ती मनापासून विचारत होती. ‘‘भविष्यात तशी येतील.’’

नेरिडाने दोन टाके घातले. मग आणखी दोन घातले. मग ती पुढची ओळ विणायला लागली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. सगळ्या सूचना त्यात सामावून घेतल्या होत्या. आता ‘जागं कर’ला अकरा रकाने होते, ‘काम सांग’ला अकरा आणि ‘झोपव’ला अकरा. शिवाय, तिन्हींपैकी नक्की कोणता अर्ज भरतो आहोत हे सांगणारा एक. एकूण चौतीस. थांबायचा वेळ तिन्हींत चारच होता. नवी रीत पुढच्या दशकाच्या आरंभी लागू होणार होती. वॉरिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि नेरिडाला मंडळाचा मग भेट दिला. त्यावर लिहिलं होतं : ‘स्पष्टच सांगायचं तर’. (वाक्य एवढंच होतं. पुढच्या भागावर एकमत झालं नव्हतं.)

नोव्हेंबरला अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी नेरिडाने रजा टाकली आणि गाडी काढून ह्युऑन नदीच्या काठाकाठाने क्लेम ऑटवेच्या बागेत गेली. क्लेम त्र्याऐंशी वर्षांचा झाला होता. शिडीवर चढून सफरचंदाच्या झाडाशी बोलत होता. मंडळातलं कोणीही निवृत्तीनंतर त्याला भेटायला आलं नव्हतं. त्याला काही विचारायचं तर उत्तर मिळेल, ही भीती सगळ्यांनाच होती.

‘‘मंडळातून आलीस? खाली उतरतो, थांब. चहा टाकतो.’’

स्वयंपाकघरात त्याने किटली लावली, चहाच्या भांड्यात चमचाभर सुटी पत्ती टाकली, वर उकळतं पाणी ओतलं, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. नेरिडाही बसली. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होता. तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला, आणि तो पडू नये असं तिला फार वाटू लागलं.

‘‘चार,’’ क्लेम म्हणाला आणि चहा गाळला.

‘‘क्लेम, तो पाचवा रकाना...’’

‘‘पत्ती मुरायला वेळ लागतो ना. पाणी उकळलं, की किटलीने चार मिनिटं थांबायचं आणि मग घंटी द्यायची. त्याआधी ओतला तर नुसता रंग उतरतो. तुम्ही आता किती ठेवता? आता सगळे पिशव्याच बुडवतात म्हणे.’’

‘‘आम्ही चारच ठेवतो,’’ नेरिडा म्हणाली. ‘‘फेरीबोटीलासुद्धा.’’

‘‘फेरीबोटीला चहा कशाला हवा?’’

तिने कप हातात धरला आणि धीर करून विचारलं, ‘‘आणि सातवा रकाना? एक?’’

‘‘साखर,’’ क्लेम म्हणाला. ‘‘मी एक चमचा घेतो. तुला?’’

टास्मानियातली दोनशे अठ्ठ्याहत्तर यंत्रं, एका दीपगृहासह, तीस वर्षं दररोज कर्नेलला सांगत होती की आम्हाला साखर एक चमचा. आणि कर्नेल ते तपासून घेत होता. सगळ्यांचं एकच उत्तर येतं हे पाहून २००३ साली वॉरिकनेच ती तपासणी घातली होती. एक नसेल तर यंत्र सुरू करायचं नाही.

‘‘पण क्लेम, पाचव्या रकान्यात नुसता आकडा आहे. चार. चार काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.’’

‘‘लिहिलंय की. माझ्या ड्रायव्हरच्या पहिल्या ओळीत. ‘वेळ मिनिटांत धरावा.’ पहिली ओळ कोणी बदलत नाही का?’’

‘‘कोणी वाचतच नाही.’’

क्लेमने चहाचा घोट घेतला. ‘‘मग तू कशाला नियम बदलत बसलीस?’’ तो म्हणाला. ‘‘जे वाचत नाहीत, त्यांच्यासाठी नियम लिहून काय उपयोग? ते जे उतरवतात, ते बदल.’’

परतीच्या वाटेवर नेरिडाने गाडी दोनदा कडेला थांबवून हसून घेतलं.

मंडळाच्या नियमावलीत कलम चौदा असं आहे : ‘नमुना हा प्रोग्राम नसून माहिती आहे. माहिती कोणी वाचत नसल्यामुळे तिला मंजुरीची आवश्यकता नाही.’ त्याच्याच खाली, ‘नमुना चहाच्या खोलीतल्या यंत्राचाच असावा, म्हणजे सर्वांना तो करून पाहता येईल.’ हे कलम क्लेमने लिहिलं होतं, आणि वाचणारी नेरिडा पहिलीच.

सोमवारी तिने चहाच्या खोलीत एक जॅफल भाजायचं यंत्र आणून ठेवलं. दोन पावांत चीज घालून कडा चिमटून बंद करणारं ते मिटतं यंत्र बघून सगळं मंडळ खूश झालं. प्रूने पहिल्याच दिवशी दोन जॅफल जाळले, कारण भाजून झालं हे कळायची काही सोय नव्हती. त्या रात्री घरी बसून नेरिडाने जॅफलचा ड्रायव्हर लिहिला. वरून तीन ओळी : जागं कर, काम सांग, झोपव. या तीन ओळींमागे एक लहानसा भाग होता, जो अकरा रकान्यांचा अर्ज गुपचूप स्वतःच भरून द्यायचा. नाव, खरं नाव, शून्य, एक, चार, सगळं जिथल्या तिथे, साखरसुद्धा. फक्त पहिली ओळ वेगळी होती : ‘वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात धरावा.’ आणि शेवटी, प्रूची कीव येऊन, तिने आणखी एक ओळ घातली : काम झालं की ‘टिंग’ वाजव.

तिने किटलीचा ड्रायव्हर ‘नमुना’ कप्प्यातून काढून ‘जुना नमुना’ कप्प्यात ठेवला आणि जॅफलचा त्याच्या जागी ठेवला. यादीवर तसं कळवलंही. एकही उत्तर आलं नाही. ज्या गोष्टीत खरोखर काही बदलतं, तिच्यावर यादी नेहमीच शांत असते.

मग तिने पंपवाल्यांना फोन केला. ‘‘नवा नमुना आलाय.’’

‘‘काय बदललंय?’’

‘‘काही नाही. रकाने तेच आहेत.’’

‘‘मग उतरवून घेतो,’’ पंपवाला म्हणाला. शिक्क्याच्या प्रोग्रामने ताडून पाहिलं. चार होते, एक होता. शेरा पडला : ‘जॅफलसारखा आहे.’ आणि शिक्का बसला.

एक नोव्हेंबरला गसचं बी आलं, साडेअकरा लाख. नऊ तारखेला पश्चिमेचा असा वारा सुटला, की गसच्या शेडवरचे तीन पत्रे शेजाऱ्याच्या मेंढ्यांमध्ये जाऊन पडले. न्याहारीच्या वेळी वीज गेली. नेरिडाने फोन हातात धरूनच ठेवला होता.

‘‘गसमामा?’’

‘‘थांब, थांब.’’ पलीकडून वाऱ्याचा आवाज, मग जनरेटरची धडधड, आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, पाण्यात बुडबुडे फुटल्याचा आवाज. मग नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ‘‘श्वास घेतायत गं. सगळीच्या सगळी.’’

‘‘रडतोयस की काय?’’

‘‘हॅट! वारा आहे.’’ मग, ‘‘नेरी, पण हा पंप ‘टिंग’ का वाजला?’’

‘‘जॅफल झाला म्हणून,’’ नेरिडा म्हणाली, आणि तिला गस समजून घेईल असं वाटलं. गसला काहीच समजलं नाही, पण साडेअकरा लाख पिल्लं जिवंत असताना माणूस फार खोलात शिरत नाही.

पुढच्या दोन वर्षांत एकशे नव्वद ड्रायव्हर नव्या नमुन्यावरून उतरवले गेले. आता त्यांची यंत्रं बटण दाबताक्षणी सुरू होतात आणि काम झालं की टिंग वाजवतात. दुधाच्या टाक्यांचा टिंग ऐकला की गाई आपण होऊन गोठ्याकडे वळतात. टकर्स पॉइंटचं फाटक आता लगेच उघडतं. पण बोटीचा कप्तान फाटकाजवळ उभा राहून घड्याळात चार मिनिटं मोजतो आणि मगच गाड्या सोडतो. कारण लोकांना पाय हवा असतो, आणि हे जमवून दिल्याबद्दल ऑड्रीने थिओला रोज एक फुकट द्यायचं कबूल केलं आहे. दीपगृह सूर्योदयाला टिंग वाजवतं. त्याचा अर्ज आता जॅफल या नावाने येतो.

वॉरिकने टिंगची दखल घेतली आहे. ज्या गोष्टीबद्दल सगळ्या यंत्रांचं एकमत आहे, तिच्यामागे काहीतरी खोल कारण असणार, असं सांगून त्याने कर्नेलमध्ये तपासणी घातली आहे : टिंग नसेल तर यंत्र बंद मानायचं नाही. ‘वीज बाहेर पडताना निरोप घेते’ या विषयावर एका बाईंचा प्रबंध चालू आहे. प्रूने बाराव्या रकान्याची सूचना मांडली आहे, टिंग किती वेळा. मागच्या महिन्यात नेरिडाला एका पंपवाल्याचं पत्र आलं, की टिंग एकदाच का, दोनदा चालेल का. तिने ‘एकदाच’ असं लिहून पाठवलं आणि सही केल्यानंतर तिला क्लेमचा साखरेचा चमचा आठवला. मग तिने नवी टोपी विणायला घेतली. ही अठ्ठावन्नावी.

आता जाता जाता एक छोटी गोष्ट. वर अकरा रकान्यांची यादी दिली आहे. त्यातल्या नवव्या रकान्यात, कंसात, स्पष्ट मराठीत लिहिलं होतं, की यादी इथवर वाचणाऱ्याने पुढे जाण्यापूर्वी चार मिनिटं थांबावं.

तुम्ही थांबला नाहीत. तरीही अकराव्या रकान्यापाशी, सगळं नीट वाचल्याची कबुली मनातल्या मनात देऊन, पुढे आलात आणि मंडळाला हसलात.

आणि जर खरोखरच घड्याळ लावून चार मिनिटं थांबला असाल, आणि का थांबायचं हे कोणाला विचारलं नसेल, तर पहिल्या स्पष्टता अधिकाऱ्याची जागा अजून रिकामी आहे. पात्रतेबद्दल आता मंडळात स्पष्टता आली आहे.